सुमीच्या वाहना

हसू नका गड्यांनो, पण रंगाचा डबा हातात आला की माही अक्कल जागेवर राहत नसे. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तवाची गोष्ट. मी अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगात पाट्या रंगवत होतो. माही बहीण सुमी अमरावतीले दिलेली. दोन दिवाळ्या झाल्या, पण सासरच्यायनं तिले माहेरी धाडलंच नव्हतं.

एक दिवस गोठ्यात तिच्या जुन्या वाहनांचे, म्हंजे चपलांचे, तुटके पट्टे सापडले. मी उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर वाहनांचा जोड रंगवला, संध्याकाळी पडते तशी सावलीबी काढली, अन् वरून ते खरे पट्टे डिंकानं चिकटवले. हुबेहूब!

माय भाजी विकून बाजारातून आली. तिनं लांबूनच वाहना पाह्यल्या. डोईवरची टोपली अंगणातच टाकली अन् धावत आत शिरली. "सुमे, कवा आली व? काहून लपून राह्यली?"

सारं घर पाहून ती बाहेर आली. वाकून वाहनांले हात लावला अन् तशीच बसून राह्यली.

मी म्हटलं, "माय, खरडून टाकतो."

"राहू दे," ती म्हणे.

तवापासून ती तेवढी जागा वाचवून झाडे. कोनी आलं की चुलीपासूनच ओरडे, "बाजूले काढा, तिथं सुमीच्या हायेत!"

तिसऱ्या दिवाळीले सुमी खरंच आली. नेमकी त्याच फरशीवर वाहना काढाले लागली. माय भाकर थापत होती. तिनं मानबी वर केली नाही.

"बाजूले काढ व बाई," ती बोलली, "तिथं माह्या सुमीच्या हायेत."