न लावलेला गांधार

मंडळी, ऐका. आज एकच गोष्ट विचारतो — घरातलं माणूस जातं, मग त्याची जागा भरायची कशी? भरायची, की मोकळी ठेवायची? उत्तराची घाई नको. आधी गणबा गुरवाची गोष्ट ऐका.

खारशेत गावचा हा गणबा. रोज सांजेला देवळात तंबोरा घेऊन भजन म्हणायचा, मागं बायको सुभद्रा उभी. तंबोऱ्याच्या तारा चार. पहिली पंचमाची, बाकी तिन्ही सा-च्या. त्यातली शेवटची जाड, खर्जाची. सा म्हणजे घर, मंडळी! कुणाचं उंचावर, कुणाचं खाली. माझं फारच खाली, असं आमचे पेटीवाले रोज ऐकवतात. पण घर एकदा ठरलं, की बाकीचे सूर तिथूनच मोजायचे. सा, रे, ग — तिसरा तो गांधार. भजन संपवून गणबा सा-वर टेकला, की सुभद्रा हळूच गांधार धरायची. चाळीस वर्षं हा नेम.

माघात सुभद्रा गेली. तापाचं निमित्त झालं.

गणबानं काय केलं? पेटीवर गांधार दाबला आणि पंचमाची तार उतरवून त्या सुरात लावली. माणूस नाही, निदान तार तरी बोलेल! पण तंबोरा कुरकुरायला लागला. एका चुलीशी दोन सुना असाव्यात, तसे सूर एकमेकांना टोचत. गळा कुठं टेकेना. दोन महिने तो खुंटी पिळत राहिला. रामनवमीच्या आदल्या दिवशी पुजाऱ्याला सांगून आला, की तंबोरा देवळात जमा करतो, उद्या दुसरं कुणी बघा.

त्याच दुपारी याकूब सिद्दी आला. दर उत्सवाला यायचा. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेले, आणि त्यांच्यासोबत आलेलं वाद्य — मलुंगा. कसलं वाद्य? वाकवलेला बांबू, त्याला एकच तार, तारेला बांधलेली भोपळ्याची वाटी. बारीक काडीनं तार वाजवायची. तुम्ही म्हणाल, यात गाणं कुठंय?

याकूबनं तंबोरा छेडून पाहिला.

“गुरवा, ही तार कुणाची?”

“तिची.”

याकूबनं मलुंगा उचलला, वाटी पोटाला टेकवली, तार वाजवली. मग वाटी जरा दूर, जरा जवळ. तार तीच, पण तिच्यातून बारीक, उंच सूर एकेक करून वर यायला लागले.

“हे कुठून आणलेस?”

“आणले नाहीत बाबा. तारेतच आहेत. मी नुसती वाटी हलवतो. एका तारेत एकटा सूर कधी नसतो, एवढं आमच्या पणज्यांना तिकडंही ठाऊक होतं.” मग तो हळूच म्हणाला, “ती तार आधी होती तिथं परत ने.”

गणबाचा हात खुंटीवर अडला. तार परत चढवायची म्हणजे सुभद्राला दुसऱ्यांदा पोचवायचं. मग खुंटी फिरवली. पंचम लागला. मधल्या दोन सा-च्या तारांची जोड जुळली. शेवटी त्यानं खर्ज छेडला.

आणि मंडळी — त्या जाड तारेतून गांधार आला! कुणी लावलेला नाही, कुणी छेडलेला नाही. पेटीच्या गांधाराहून केसभर खाली. सुभद्रा धरायची, अगदी तिथंच. ती रोज सूर उचलत होती तो या तारेतून. आणि दोन महिने गणबानं आपल्याच हातानं लावलेली तार त्या सुराच्या अंगावर घातली होती.

“हा कायम होता?”

“होता. तू गात होतास ना, ऐकणार कधी?”

रामनवमीला गणबा गायला. मागची जागा मोकळीच ठेवली. सा-वर आला, गप्प झाला, आणि खर्ज छेडत राहिला.

मंडळी, तुमच्यातही कुणी अजून सकाळी दोन कप चहा टाकत असेल. मीही टाकतो. त्यात लाज कसली? पण गेलेल्याचा आवाज ओढून आणू नका. आपला सा नीट लावा आणि थोडं गप्प राहा.

आता टाळ खाली ठेवा. पेटी बंद करा, बुवा. मी खर्ज छेडतो. माझ्याकडं बघू नका.

ऐका.