बास्टचं मूळ

(नाशिक, १९७९. वाचनालयातलं अण्णांचं व्याख्यान आटोपून बाप-लेक पायी घरी निघालेत.)

अण्णा : आणि तो जर्मन इंजिनिअर चक्क डोळे पुसत होता, बघितलंस ना? झाडाच्या सालीतल्या धाग्याला त्यांच्यात बास्ट म्हणतात. तो बास्ट आपल्या संस्कृतातल्या 'बंध'वरून आला म्हटल्यावर माणूस हेलावणारच. अर्धी हयात घातलीय मी त्यात.

लता : अण्णा, जरा हळू चाला.

अण्णा : तूही भाषांतर झकास केलंस हो. तुला पुण्याला जर्मन शिकायला धाडलं त्याचं चीज झालं.

लता : मी ते 'बंध'चं सांगितलंच नाही त्याला.

अण्णा : म्हणजे?

लता : काल त्यांचा मोठा कोश बघितला. शब्द फार जुना, पण मूळ माहीत नाही, असं सरळ लिहिलंय. तुमचं हसं झालेलं मला बघवलं नसतं.

अण्णा : कोशवाल्यांना संस्कृत येतं का?

लता : तुमच्यापेक्षा बरं येतं.

अण्णा : मग तासभर काय सांगत होतीस?

लता : आजीचं. देवळ्याला बांधावर अंबाडी लावायची, पेंढ्या पाण्यात कुजवायची, साल सोलून धाग्यांचा वाख काढायची. आणि तुम्ही शाळेतून आलात की मांडीवर पीळ देत बसायचात, बाजारात दोर विकायला.

अण्णा : भर सभेत? प्राध्यापकांसमोर? अगं, ते दोर कुणाला कळू नयेत म्हणून जन्मभर झटलो मी.

लता : जर्मनमध्ये सांगितलं. प्राध्यापक नुसते माना डोलवत होते.

अण्णा : त्यांना कुठं जर्मन येतं?

लता : म्हणूनच तर डोलवत होते.

अण्णा : मग तो रडला कशाला?

लता : त्याची आजीही सालीचे दोर वळायची. शब्द कुठून आला, हे तिलाही ठाऊक नव्हतं म्हणे.

अण्णा : म्हणजे माझं संशोधन राहिलं बाजूला, आणि मान मिळाला तो आईला.

लता : उद्या सकाळी तो घरी येतोय. तुम्हाला दोर वळताना बघायचंय त्याला. मी हो म्हटलंय.

अण्णा : मला न विचारता?

लता : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

अण्णा : इथं अंबाडी मिळते ती भाजीपुरती. वाख कुठनं आणू आता?

लता : नाही म्हणून कळवू का?

अण्णा : नको. वाख मिळंल कुठंतरी. पण आईसारखा पीळ मला कधी जमला नाय, हे त्याला आधी सांग.