मंदारने वरणात घातलेली मेथी

आमच्या मंदारने एकदा कसुरी मेथी समजून काय खाल्लं, ते तुम्हाला सांगितलंच नाही. २००४ साली अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही दोघं एकत्र राहायचो. माझ्या लॅबमध्ये आफ्रिकेतल्या औषधी वनस्पतींमध्ये अँटिऑक्सिडंट किती आहेत, ते तपासत. तिथला फ्रीजर बिघडला, म्हणून वाळलेल्या पानांच्या दोन पिशव्या मी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या.

संध्याकाळी आलो, तर मंदार जेवून ताट विसळत होता.

"तुझी कसुरी मेथी वरणात घातली यार. फार कडू आहे."

मी धावत जाऊन फ्रीजर उघडला. दोन पिशव्यांपैकी एकीतला पाला फक्त जखमेवर लावतात, पोटात गेला तर विषच. पण पिशव्यांवरच्या नावांची शाई बर्फाने पसरली होती, कोणती कुठली ते वाचता येईना. इमर्जन्सीला फोन केला, तर ते आधी विचारणार, काय खाल्लं? ते सांगू शकेल अशी एकच होती, ही पानं नायजेरियाहून आणणारी माझी लॅबमेट न्गोझी. तिचा फोन नुसता वाजत राहिला.

"छाती धडधडतेय रे," मंदार म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

अखेर तिने फोन उचलला. सगळं ऐकून तिने विचारलं, "चव कशी होती?"

"कडू म्हणतोय."

"मग घाबरू नका. त्या पानांचं आमच्या घरी सूप करतात."

मी विचारलं, "आणि दुसरी पानं?"

"त्यांना चवच नसते," ती म्हणाली. "ती वरणात आहेत हे त्याला कळलंही नसतं."