दाढीवाला पहारेकरी

हाताला प्लॅस्टर घालून इस्पितळातल्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण कानांना कुठे झाकण असतं?

"डॉक्टर म्हणतात, आता उपाय नाही, घरी न्या. आईला सांगू, बरी झालीस म्हणून सोडलं. तूच सांग. कॉलेजात नाटक शिकतेस, एवढं तरी जमेल."

"बाबा, मी प्रकाशयोजना शिकते. स्टेजवर मी कधी गेलेच नाही."

"काहीतरीच! तुमच्या नाटकातला दाढीवाला पहारेकरी तूच होतीस. हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या मी."

"तो वर्गातला एक मुलगा होता. मी मागे, दिव्यांपाशी होते."

"अगं, तुझ्या आईनेच बोट करून दाखवलं, ती बघा आपली पोर!"

"आईला माहीत होतं. पोर नाटकात काम करते असं तुम्ही गल्लीभर सांगत सुटला होतात. तुमचा हिरमोड होऊ नये म्हणून..."

"मला जरासुद्धा कळलं नाही गं."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत.

"पोरी..."

"काय, बाबा?"

"सकाळपासून ती मला म्हणतेय, आज अगदी बरं वाटतंय."