उजनीच्या तळाचं चित्र

इंदापूरच्या एसटी स्थानकात माझ्या मागच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती.

“आबा, हे फोनवर दिसतंय ते आमचं यंत्र. दोरी नाही, आत माणूस नाही. पाण्याखाली आपलं आपण फिरतं आणि आवाजावरून तळाचं चित्र काढतं. खोल समुद्राचा तळ मोजायचाय, म्हणून आधी उजनी धरणात तपासलं.”

“मंग आपलं बुडालेलं गाव घावलं?”

“हे बघा. ही वेस, हा म्हसोबाचा चौथरा.”

“त्येच्यावर काय हाय?”

“तेच विचारायचंय. दगड उभा आहे. देव तर तुम्ही डोक्यावर घेऊन वर नव्या गावात आणला होता ना?”

“हलला न्हाय गं त्यो. पानी गुडघ्याला लागलं. मंग वाटंत दुसरा धोंडा उचलला.”

“आणि त्या धोंड्यापुढं यात्रेचा पहिला नारळ पंचेचाळीस वर्षं तुम्ही फोडताय?”

“शेंदराखाली कोन बघतंय, सुप्रिया? पुसून टाक त्ये चित्र.”

“सकाळीच गावाच्या ग्रुपवर टाकलंय. हा दगड कुठला, म्हणून विचारलंय.”

“मंग? काय म्हनली लोकं?”

“सगळ्यांनी एकच लिहिलंय. ‘आबांना विचार.’”