ढेकळं कोणी आवरली?

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आमचे संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या गणित गटाच्या प्रमुख ताई, आणि चिठ्ठीत निघेल त्या खुर्चीवर निमूट बसलेल्या बंधू-भगिनींनो,

आधी खुलासा करते. निवृत्त होताना काय हवं, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "घड्याळबिड्याळ नको. सगळ्यांना चिठ्ठ्या टाकून बसवा." परिणाम समोर आहे. अख्खा लेखा विभाग एका कोपऱ्यात गोळा झालाय आणि मधली रांग ओस पडलीय. फोटोग्राफरनं मघाशी हळूच विचारलं, "यांचं आपसात काही बिनसलंय का?" नाही हो! ताई म्हणतात, खरी सरमिसळ अशीच असते. माणूस मुद्दाम पसारा करायला बसला, तरी नीटनेटकाच करतो.

घरची मंडळी आलीत, म्हणून आमचं काम थोडक्यात सांगते. एका बंद पडलेल्या अणुभट्टीच्या तळाशी इंधन वितळून, लोखंडात आणि काँक्रीटमध्ये मिसळून घट्ट झालंय. कुठे काय आहे, कोणालाच ठाऊक नाही. ते पाण्याखाली फोडून बाहेर काढायचं. इंधनाची ढेकळं नको तितकी जवळ आली आणि मध्ये नेमकं पाणी शिरलं, तर विझलेली साखळी-प्रक्रिया आपोआप पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून आम्ही संगणकात अशी हजारो मिश्रणं तयार करतो आणि एकेकाला विचारतो, "बाई गं, तू पेटणार आहेस का?"

आता अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून पुढचं सांगते. फोडकामाचा शुभारंभ बघायला मोठे पाहुणे यायचे होते. साहेबांनी पडद्यावरचं या मिश्रणांचं चित्र पाहिलं. म्हणाले, "ही ढेकळं किती चिकटून बसलीत! जरा अंतर ठेवायला सांगा ना, चारचौघांत बरं दिसत नाही." आम्ही तसा नियमच प्रोग्राममध्ये घातला. चित्र कसं गुणी दिसू लागलं! पण चित्र आणि गणित एकाच प्रोग्राममधून निघतं, हे ना साहेबांच्या लक्षात आलं, ना आमच्या. गणितातही ढेकळं जवळ येईनाशी झाली, आणि सगळी मिश्रणं सुरक्षित निघाली. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ताई रजेवरून परतल्या, त्या नेमक्या काम सुरू व्हायच्या सकाळी. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हे कोणी आवरलं?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. त्या खिडकीबाहेर भिंत आहे.

नियम काढून गणित पुन्हा चालवलं, तर काही मिश्रणं पेटली. ताईंनी फोन उचलून काम थांबवलं. साहेब म्हणाले, "अहो, पाहुणे दारात उभे आहेत!"

"मग त्यांना चहा द्या," ताई म्हणाल्या.

साखळी चालवणारे न्यूट्रॉन गिळणारं बोरॉन पाण्यात पुरेसं मिसळून होईपर्यंत त्यांनी कोणाला आत पाऊल टाकू दिलं नाही.

बाहेर तयार उभ्या असलेल्या टोळीत फोडयंत्र चालवणारे आमचे हे होते. दिवस फुकट गेला म्हणून घरी येऊन त्यांनी ताईंच्या नावानं बोटं मोडली. मी त्यांना जरा जास्तच वाढलं आणि आत जाऊन पोटभर रडून घेतलं.

आज ते सभागृहात आहेत. चिठ्ठीनं त्यांना माझ्या आईशेजारी बसवलंय. चेहरा बघा, यापेक्षा भट्टी परवडली असं वाटतंय. वाटू दे! ताई, तोंड वाकडं करायला आमच्या घरात माणूस आहे, तो तुमच्यामुळे.

वेळात वेळ काढून आलात, शेजार मिळेल तो गोड मानून घेतलात, सर्वांची आभारी आहे. बोलण्याच्या ओघात अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. आणि साहेब, अहवालात छापताना एवढी कृपा करा, माझं भाषण आवरू नका.