तिसरी बाटली

सोनोग्राफीच्या रांगेत शेजारची तरुण बाई लीनाच्या कानाशी लागली.

"ताई, तांबी बसवली असंन तर यात दिसते काय?"

"दिसते. घरी माहीत नाही?"

"कोनालेच नाई. दुसरं लेकरू काऊन होत नाई, म्हनून सासूनं आनलं मले."

"मग आता?"

"लघवी साचल्याबिगर तपासत नाईत. दोनदा चोरून जाऊन आली मी."

तेवढ्यात सासू भरलेली बाटली घेऊन आलीच.

"वर्षाली, घे, तिसरी. पी! आता उठाचं नाई. मी बी आत येतो."

लीना घाईनं म्हणाली, "काकू, आत फक्त पेशंटलाच सोडतात."

"मले सोडतेत. आतली सिस्टर आमच्या नाचणगावचीच हाय. सारं सांगते मले."

वर्षालीनं बाटली तोंडाला लावली. अर्धं पाणी ओढणीवर गेलं.